हूड फक्त उन्हासाठी नसतं

मागच्या वेळी कोटिंगवर बोललो तेव्हा एकांनी विचारलं होतं, "माझ्या लेन्सवर चांगलं मल्टिकोटिंग आहे, मग हूड कशाला?" तिथूनच सुरुवात करू.

हॅसलब्लाडचा ५०० सी घ्या. १९५७ सालचा कॅमेरा, पण आजही लोक वापरतात. त्याची फ्रेम साधारण ५६ मिमी चौरस. लेन्स मात्र चौकोनी चित्र पाडत नाही, गोल पाडते. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत उजेड पोचायचा तर त्या गोलाचा व्यास निदान चौरसाच्या कर्णाइतका, म्हणजे ७९ मिमी हवा. आता शाळेतलं गणित करा. गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ४,९०० चौरस मिमी, फ्रेमचं ३,१३६. म्हणजे गोलाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग फ्रेमच्या बाहेर. तो उजेड जातो कुठे? कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतींवर. त्या काळ्या असतात हो, पण डांबरी रस्तासुद्धा समोर ऊन असलं की चकाकतोच ना! तिरप्या उजेडात काळा रंगही चकाकतो, आणि ती चकाकी फिल्मवर पडते. कोटिंग काचेवर असतं, भिंतीवर नाही.

बरं, व्ह्यूफाइंडरमध्ये हे कळतही नाही, कारण आपण बघतो तेव्हा आरसा खाली असतो. फोटो घेताना तो उठतो आणि उजेडाची वाटच बदलते. माझ्या सावल्या राखाडी यायच्या, म्हणून मी एक चांगली लेन्स विकून टाकली. दुसरी आणली, तिचंही तेच! मग कुठे आत डोकावून पाहिलं.

तुम्हीही पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फिल्म बॅक काढा, शटर 'बी'वर ठेवून बटण दाबून धरा. तोंड उजळ आभाळाकडे, पण सूर्याकडे अजिबात नको. डोळ्याचा प्रश्न आहे. आता मागच्या चौकटीच्या कोपऱ्याशी डोळा न्या. दिसायला हवं फक्त उजेडाचं छिद्र. त्याच्याभोवती जे जे चमकतं, ते फिल्मलाही दिसतं. कुणाला तरी लेन्ससमोर बाजूने काळा पुठ्ठा हळूहळू आत आणायला सांगा. भिंत विझली, पण छिद्र अजून पूर्ण आहे, ती हूडची जागा. हे ज्या अ‍ॅपर्चरला फोटो घेणार त्यालाच करा. एफ/२.८ला पुठ्ठा लवकर आड येतो, पण कोपरा हळूहळू मंदावतो; एफ/१६ला उशिरा येतो आणि कोपरा एकदम कापतो. गोल हूड चौकोनी फ्रेमला इतकं जवळून बसवताच येत नाही. म्हणून चौकोनी तोंडाचं, पुढेमागे सरकणारं बेलोज हूड.

फिल्मवर पुरावा हवा असेल तर खोक्याला आतून काळं मखमल लावा, एक भोक पाडा आणि ते पांढऱ्या भिंतीसमोर ठेवा. एकाच रोलवर, एकाच एक्स्पोजरला तीन फ्रेम: हूडशिवाय, गोल हूड, बेलोज. निगेटिव्हवर ते भोक दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीइतकं स्वच्छ दिसलं पाहिजे. जितकं धुरकट, तितका फ्लेअर. पुढच्या वेळी तुमच्या निगेटिव्ह घेऊन या, इथे लाइटबॉक्स आहे.