दरफालणीचा सण

कोकणातील बेने इस्राएल लोकांना पूर्वी शेजारचे गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा त्यांचा नेम. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून ही ज्ञाती वाढली, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे हिब्रू भाषाही विस्मृतीत गेली. ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा, सुंता, शनिवारची विश्रांती आणि काही सण व उपवास एवढे मात्र टिकून राहिले.

त्या सणांपैकी एकाला मराठीत ‘दरफालणीचा सण’ असे नाव पडले. दरफालणी म्हणजे दार लावून घेणे. हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी हा सण येतो; आपल्याकडे तेव्हा भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीचा सुमार असतो. या ज्ञातीचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्या दिवसाचा जुना आचार नोंदवून ठेवला आहे. स्नान करून शुभ्र वस्त्रे नेसावी, कडकडीत उपवास करावा, घराची दारे लावून आत बसावे आणि परक्याशी बोलू नये, असा तो आचार होता. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म करून एकमेकांच्या घरी जावयाचे.

जगभरचे यहुदी ज्याला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात तोच हा सण होय. मौज अशी की, त्या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव ‘नेइला’ असे आहे, आणि त्याचाही अर्थ दार लावणे हाच आहे. परंतु दोन्ही दारे वेगळी आहेत. कोकणातले दार माणूस आतून लावून घेई. नेइलेच्या प्रार्थनेतील द्वार क्षमेचे असून ते दिवस मावळताना मिटू लागते, म्हणून भक्त घाईने विनवणी करतो.

ही क्षमा कशाची? हिब्रू शास्त्रात पापाला एकच शब्द नाही. ‘हेत’ या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे ही कल्पना आहे, ‘आवोन’मध्ये वाकडेपणा आहे, आणि त्या वाकडेपणाचे फळही त्याच शब्दाने सांगितले जाते, ‘पेशा’ म्हणजे उघड बंडखोरी. हे तिन्ही शब्द निर्गम ग्रंथात एका ठिकाणी येतात, तो प्रसंग विलक्षण आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांशी ईश्वराने नुकताच करार केलेला असतो. मोशे अजून पर्वतावरून उतरलाही नाही, तोच खाली सोन्याचे वासरू घडवून पूजा चालू होते. करारभंग इतक्या लवकर व्हावा! मोशे संतापाने शिलापट फोडतो, आणि लोकांना शासनही होते. तथापि नव्या पाट्या घडविल्या जातात, आणि त्या वेळी ईश्वर स्वतःची ओळख करून देतो ती कनवाळू, मंदक्रोध, ‘हेसेद’ आणि ‘एमेत’ यांनी परिपूर्ण अशी. अपराधाचे हे तिन्ही प्रकार आपण क्षमा करतो, असेही तो सांगतो; मात्र दोषी सरसकट मोकळा सुटतो असे नव्हे, हेही तेथेच बजावतो.

‘हेसेद’ या शब्दाला मराठीत ‘दया’ म्हणून चालत नाही. दया क्षणिक असू शकते; हेसेद हे जोडलेल्या नात्याला जागणे आहे. आपल्या संतांनी पतितपावन हे देवाचे ब्रीद म्हटले, ते या अर्थाच्या पुष्कळ जवळ जाते. फरक एवढाच की, येथे ब्रीदाच्या मागे करार उभा आहे.

करार टिकतो म्हणून कर्मफळ टळते, असे मात्र नाही. दाविदाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला रणात मरणाच्या तोंडी दिले. नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून निकाल वदविला, आणि मग तो मनुष्य तूच, असे स्पष्ट सुनावले. दाविदाने अपराध कबूल केला. त्याला जीवदान मिळाले. पण मूल गेले, आणि तलवार त्याच्या घराण्यातून हटली नाही. तरीही त्या घराण्याला दिलेले वचन मागे घेतले गेले नाही. क्षमा आणि शिक्षा एकाच घरात नांदतात, ही गोष्ट हिब्रू लेखकांनी कोठेही झाकून ठेवलेली नाही.

मुंबईत सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, करुणेचे द्वार. ‘रहमीम’ हा शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’शी सजातीय आहे, तेव्हा ही करुणा मातेची होय. पुढे १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत आणले. मग जे आचारात उरले होते ते ग्रंथातही वाचता येऊ लागले. जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी योनाचा ग्रंथ वाचण्याची प्रथा आहे. निनवे हे शत्रूचे नगर. ते पश्चात्ताप करते आणि वाचते. आणि योना रागावतो. त्याची तक्रार अशी, की देव कनवाळू व मंदक्रोध आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होते, म्हणूनच आपण पळालो होतो. पर्वतावर मोशेला ऐकविलेली तीच वचने येथे गाऱ्हाणे म्हणून परत येतात. देव त्याच्यावर एका वेलीची सावली धरतो, ती दुसऱ्या दिवशी सुकवितो, आणि विचारतो की, न लावलेल्या वेलीसाठी तू हळहळतोस, तर एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे ज्या नगरात आहेत त्याची कीव मी करू नये काय? ग्रंथ या प्रश्नावर थांबतो. योनाचे उत्तर त्यात लिहिलेले नाही.