रोटोस्कोपिंग: व्हिडिओवर गिरवून ॲनिमेशन शिकणं ही लबाडी आहे का?

टॅब्लेटवर ॲनिमेशन शिकायला सुरुवात केली की पहिली अडचण येते ती चालण्याची. पात्राचा चेहरा छान जमतो, पण ते चालायला लागलं की बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं. मग कुणीतरी सुचवतं, की चालणाऱ्या माणसाचा व्हिडिओ घे आणि त्यावरून गिरव. आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, ही तर चक्क नक्कल झाली!

व्हिडिओवरून एकेक फ्रेम गिरवण्याच्या या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि हा वादही नवा नाही.

सुरुवात कशी झाली?

अमेरिकेतल्या मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये 'रोटोस्कोप' या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९१७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यंत्राची कल्पना सोपी होती. चित्रित केलेल्या फिल्मची एक फ्रेम काचेवर पाडायची, ती कागदावर गिरवायची आणि मग पुढची फ्रेम घ्यायची. मॅक्स यांचे भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यातूनच कोको हा कार्टून विदूषक जन्माला आला.

पुढे डिस्नेच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' (१९३७) या चित्रपटासाठी मार्ज चॅम्पियन या तरुण नर्तिकेच्या हालचाली चित्रित करण्यात आल्या. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) या व्हिडिओ गेममधला राजपुत्र इतका खरा धावतो, कारण तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाचं धावणं आणि उड्या मारणं व्हिडिओवर टिपलं होतं.

मग गिरवलेलं पात्र निर्जीव का दिसतं?

गिरवताना आपला हात फक्त बाहेरची कड पकडतो. पण हालचाल कडेत नसते, ती शरीराच्या वजनात असते. पाय जमिनीवर टेकला की कंबर किंचित खाली जाते, खांदे उलट दिशेने कलतात. हे न समजता नुसती रेघ ओढली तर वजन हरवतं आणि पात्र तरंगायला लागतं.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये रेघ थोडी इकडेतिकडे होते. कपड्यांच्या चुण्या, केसांच्या बटा असं सगळंच गिरवलं, तर चित्र सतत थरथरताना दिसतं. म्हणून काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं जास्त महत्त्वाचं.

डिजिटल साधनांनी काय सोपं झालं?

पूर्वी खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून काम चालायचं. आता 'ओनियन स्किन' या सोयीमुळे आधीचं आणि पुढचं चित्र पुसटसं दिसत राहतं. व्हिडिओ एका लेयरवर आणि चित्र दुसऱ्या लेयरवर ठेवता येतं. क्रिटा, ओपनटूंझ आणि ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल ही तिन्ही साधनं फुकट मिळतात. म्हणजे सुरुवातीला खर्च काय तो टॅब्लेटचा.

सराव कसा करावा?

एक पाण्याने भरलेली बादली घ्या. ती उचलतानाचा तीन सेकंदांचा व्हिडिओ कुणाकडून तरी बाजूने काढून घ्या. मोबाइल एका जागी स्थिर ठेवा. व्हिडिओचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असेल आणि एक फ्रेम सोडून एक गिरवली, तर ३६ चित्रं काढावी लागतील. मोबाइलचा वेग ३० असेल, तर सॉफ्टवेअरमध्येही ३० च ठेवा, नाहीतर हालचालीचा वेळ चुकतो.

लगेच कड गिरवू नका. आधी डोकं, छाती आणि कंबर यांसाठी तीन साधे गोल काढा. मग पाठीच्या कण्याची एक रेघ काढा. हात बादलीला लागतो ती, पाठ सर्वात जास्त वाकते ती आणि बादली जमिनीवरून सुटते ती, अशा मुख्य फ्रेम आधी शोधा. मधली चित्रं नंतर भरा.

आता खरी परीक्षा. व्हिडिओचा लेयर बंद करा आणि तीच हालचाल वेगळ्या पात्रासाठी काढा. समजा, बुटक्या आणि जाडजूड आजोबांसाठी. त्यांची पाठ जास्त वाकेल, बादली सुटायला जास्त वेळ लागेल. मग रिकाम्या बादलीचा व्हिडिओ घेऊन हेच पुन्हा करा. बादली न दाखवताही ती भरलेली की रिकामी हे बघणाऱ्याला कळलं, तर सराव जमला म्हणायचा.

'रोटो आर्टिस्ट' म्हणजे हेच का?

नाही, आणि नोकरी शोधणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा. व्हीएफएक्स स्टुडिओंमध्ये 'रोटो' म्हणजे चित्रीकरणातली व्यक्ती किंवा वस्तू फ्रेमगणिक बाह्यरेषा आखून पार्श्वभूमीपासून वेगळी करणं. मुंबई-पुण्यातही हे काम चालतं. त्यात चिकाटी आणि नेमकेपणा लागतो, पण पात्र रंगवायचं नसतं. त्यामुळे कोर्सला पैसे भरण्याआधी तिथे यातलं नेमकं काय शिकवतात, हे विचारून घ्या.

तर मग, ही लबाडी आहे का?

पाटीवर 'अ' गिरवणाऱ्या मुलाला कुणी लबाड म्हणत नाही. पण तेच मूल चौथीतही गिरवतच बसलं, तर मात्र काळजी वाटते. रोटोस्कोपिंगचंही तसंच आहे. बादलीचं वजन एकदा हाताला कळलं, की व्हिडिओचा लेयर बंद करायला भीती वाटत नाही.