मोशीची वीज आणि तिच्याभोवतीचे समज

1 ऑगस्ट 2023 रोजी पिंपरी-चिंचवडच्या मोशी कचरा डेपोतल्या वीज प्रकल्पाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. क्षमता रोज 700 टन कचरा, 14 मेगावॅट वीज. तेव्हापासून कचऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘मोशीसारखं करा की!’ मुळा नदी ओलांडून अलीकडे आलं तर मात्र वेगळी कहाणी ऐकू येते. पुण्याने हडपसरच्या रामटेकडीत 700 टनांचाच प्रकल्प आधी करून पाहिला होता. तो वर्षानुवर्षं रखडला आणि घोषित क्षमतेने कधी चाललाच नाही.

कचऱ्याच्या विजेबद्दल पालिकेचा अधिकारी, ठेकेदार कंपनी, डेपोशेजारचं गाव, कचरावेचक आणि पर्यावरणवाले आपापलं म्हणणं ठामपणे मांडतात. यातलं कुणी सरसकट खोटं बोलत नाही. पण प्रत्येकाच्या म्हणण्याला एकेक समज चिकटलेला आहे, आणि सगळ्यात जास्त समज घंटागाडीत पिशवी टाकून मोकळे होणाऱ्या आपल्यासारख्यांचे आहेत.

‘कचरा म्हणजे फुकटचं इंधन’

सगळ्यात महागात पडलेला समज हाच. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली डेन्मार्कच्या मदतीने देशातला पहिला मोठा कचरा-वीज प्रकल्प उभा राहिला. रोज 300 टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. यंत्राला किलोमागे सुमारे साडेचौदाशे किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता. दिल्लीकरांच्या कचऱ्यात निघाल्या सहाशे-सातशे. कचरा पेटता ठेवायला वरून डिझेल ओतावं लागे. प्रकल्प जेमतेम तीन आठवडे चालला आणि बंद पडला.

कारण साधं आहे. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो: भाजीचे देठ, उसाचं चिपाड, नारळाची शेंडी-करवंटी, उरलेला भात. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी लागतात. किलोभर कचऱ्यात अर्धा किलो पाणी असेल, तर तीनशे किलोकॅलरी फक्त ते उडवण्यात जातात. त्यात रस्ते झाडून भरलेली माती आणि घरदुरुस्तीचा राडारोडा. माती जळत नाही, उलट उष्णता खाते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

जाहीर झालेल्या आकड्यांवरून छोटा हिशेब करता येतो. मुंबईने देवनारच्या कचरा डेपोसाठी आधी 3,000 टनांचा प्रकल्प मांडला होता. निविदेला प्रतिसाद मिळेना, म्हणून तो आवळून 2020 मध्ये 600 टन आणि 4 मेगावॅटचं काम देण्यात आलं. म्हणजे टनामागे सुमारे 160 युनिट. मोशीच्या आकड्यांवरून टनामागे 480 युनिट येतात, तिप्पट. मोशीकरांचा कचरा काही सोन्याचा नाही. तिथे तो भट्टीपर्यंत जायच्या आधी निवडला जातो, त्यातलं ओलं बाजूला काढलं जातं आणि जळण्याजोगं तेवढंच इंधन म्हणून पुढे जातं. फरक भट्टीपेक्षा भट्टीच्या अलीकडच्या कामाचा जास्त आहे. ते काम जितकं आपल्या ओट्याशी होईल तितकं स्वस्त, आणि डेपोवर यंत्राने करायचं तर तितकं महाग. तो खर्च शेवटी मालमत्ता करातून आपणच भरतो.

फुकटचं नाहीच, याचा आणखी एक पुरावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये कचऱ्याच्या विजेचा दर युनिटला 7 रुपयांच्या वर धरला होता. दोनच वर्षांनी मध्य प्रदेशातल्या रेवाच्या सौर प्रकल्पात वीज पहिल्या वर्षासाठी 3 रुपयांच्या आत मिळाली. कोणतीही वीज कंपनी आपणहून महाग वीज घेणार नाही, म्हणून 2016 च्या वीज दर धोरणाने राज्यातल्या कचरा प्रकल्पांची सगळी वीज घेणं वितरण कंपन्यांना बंधनकारक केलं. मोशीत पालिका स्वतःच 5 रुपये दराने वीज घेते आणि पाणी व सांडपाण्याच्या केंद्रांवर वापरते. ही व्यवस्था शहाणपणाची आहे, कारण गिऱ्हाईक पक्कं आणि घरचंच. पण ही कमाई नव्हे. कचऱ्याची विल्हेवाट लावायला पैसे लागतातच, विजेमुळे त्यातले थोडे परत येतात एवढंच.

‘शहर कचऱ्यावर उजळेल’

नाही उजळणार. महावितरणची कमाल मागणी 24 हजार मेगावॅटच्या पुढे गेलेली आहे. त्यात मोशीचे 14 मेगावॅट म्हणजे दहा हजारांत सहा. कचरा प्रकल्पाकडे वीजकेंद्र म्हणून पाहणं सोडलं की निम्मे वाद तिथेच मिटतील.

‘धुराड्यातून विषच येतं’ आणि ‘आधुनिक यंत्रणा आहे, काही होत नाही’

हे दोन्ही समज एकमेकांच्या विरोधात उभे असतात, आणि दोन्ही अपुरे आहेत.

डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं कचरा जाळताना तयार होतात हे खरं. त्यांना क्लोरीन लागतं. ते पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून येतं, आणि मिठामुळे आपल्या खरकट्यातूनही. भट्टी पुरेशी तापलेली असेल तर ही संयुगं फुटतात. पण धूर निवताना साधारण 200 ते 450 अंशांच्या टप्प्यात ती पुन्हा जुळू शकतात. म्हणून धूर झटकन थंड करावा लागतो, त्यावर सक्रिय कोळशाची भुकटी फवारावी लागते आणि कापडी गाळण्यांतून तो बाहेर सोडावा लागतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी हे सगळं घालून दिलं: किमान 950 अंश तापमान, दुसऱ्या कक्षात धूर किमान 2 सेकंद राहणं, डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम, क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळणं टप्प्याटप्प्याने बंद.

म्हणजे स्वच्छ जाळणं शक्य आहे. प्रश्न आहे तो रोजच्या रोज तसं जाळलं जातं का, हा. ओला कचरा आत गेला की तापमान घसरतं, आणि तापमान घसरलं की वरचं सगळं गणित कोसळतं. पुन्हा इंधनाचाच मुद्दा! शिवाय धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड वगैरे सतत मोजणारी यंत्रं धुराड्यावर बसवता येतात, डायॉक्सिनचं मात्र तसं नाही. त्याचे नमुने अधूनमधून घेऊन प्रयोगशाळेत पाठवावे लागतात, आणि ती तपासणी महाग असते. दिल्लीत ओखल्याच्या प्रकल्पाशेजारच्या सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं न्यायालयात आणि हरित लवादापुढे भांडण केलं. 2017 मध्ये लवादाने प्रकल्प चालू ठेवू दिला, पण आधीच्या उल्लंघनांबद्दल 25 लाख रुपये भरायला लावले. शेजाऱ्यांची तक्रार नुसती भीतीपोटी नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

दुसरी बाजूही पाहायला हवी. प्रकल्प नको म्हटलं तर कचरा हवेत विरत नाही. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहातून दिसला आणि मुंबईत शाळा बंद ठेवाव्या लागल्या. एप्रिल 2017 मध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो पेटला, गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवल्या आणि पेठांपासून उपनगरांपर्यंत कचऱ्याचे ढीग साचले. डेपोच्या आगीला ना गाळणी असते ना 950 अंश. फुरसुंगीच्या माणसाला डेपोमुळे नासलेल्या विहिरीच्या पाण्याबद्दल विचारा, तो भट्टीच्या बाजूने बोलला तर नवल नाही. पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्यात नव्या डेपोविरुद्ध 2023 मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले, कारण आपल्या दारात कचरा कुणालाच नको. नव्या जागा मिळत नाहीत, म्हणूनच तर पालिकांना भट्टीची इतकी ओढ आहे.

‘वेचकांचा प्रगतीला विरोध आहे’

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून पुण्यात काम करते. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 मध्ये पालिकेशी करार केला, आणि हजारो महिला दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी मिळणारं शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या: भंगारवाला ज्याला भाव देतो नेमका तोच माल भट्टीतही उत्तम जळतो. हितसंबंधांची टक्कर इथे आहे, आणि ती खरी आहे.

यात बायकांची बाजू भावनेपेक्षा हिशेबाने जास्त पक्की आहे. बहुतेक प्लास्टिक जाळून जेवढी ऊर्जा मिळते, त्यापेक्षा जास्त ते पुन्हा वितळवून वापरल्याने वाचते. पण वेचकाला सगळंच हवं असतं असंही नाही. वेफर्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, फाटक्या चपला, सॅनिटरी पॅड, डायपर, चिंध्या यांना बाजारात भावच नाही. हा माल भट्टीत जायला वेचकांची हरकत असण्याचं कारण नाही. 2016 च्या नियमांनीही साधारण हेच सांगितलं: पुनर्वापर होत नाही आणि किलोला 1,500 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता आहे, असा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठी वापरा. ‘पुनर्वापर होत नाही’ ही अट मात्र पालिकेच्या सभागृहातल्या चर्चेत हटकून गळते.

‘स्वीडनला जमतं मग आपल्याला का नाही?’

स्वीडनमध्ये भट्टीची उष्णता पाइपांतून घराघरांत जाते. तिथल्या थंडीत त्या उष्णतेला गिऱ्हाईक आहे, मोशीत मे महिन्यात कुणाला हवी? शिवाय स्वीडनने 2002 मध्ये जळण्याजोगा आणि 2005 मध्ये जैविक कचरा पुरण्यावर बंदी घातली. आता भट्ट्यांची भूक भागवायला तो देश बाहेरून कचरा आणतो. नक्कल करायची तर तिथल्या शिस्तीची करावी.

‘कचऱ्याची वीज म्हणजे हरित वीज’

अर्धीच. कचऱ्यातलं लाकूड-कागद-अन्न हे झाडपाल्यातून आलेलं, प्लास्टिक मात्र खनिज तेलातून. ओला कचरा काढून भट्टी नीट चालवावी, तर आत उरतं ते प्रामुख्याने प्लास्टिक. भट्टी जितकी चांगली चालते तितकी तिची वीज कमी हरित होते! डेपोवर कुजून निघणाऱ्या मिथेनपेक्षा ती बरी, पण सौर विजेच्या पंक्तीला बसवू नये.

ओल्या कचऱ्याची खरी वाट गॅसची आहे, आणि ती आपल्याकडे नवी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ तंत्र अनेक ठिकाणी वापरलं गेलं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या, डॉ. आनंद कर्वे यांच्या घरगुती बायोगॅस संयंत्राला 2006 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. इंदूरमध्ये 2022 पासून 550 टन क्षमतेचा प्रकल्प ओल्या कचऱ्यापासून बसगाड्यांसाठी गॅस करतो. तिथे तो चालतो, कारण घरातून कचरा वेगळा निघतो. पुण्यात वॉर्डावॉर्डांत बसवलेले पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प मात्र मिसळलेल्या कचऱ्याने आणि देखभालीच्या आबाळीने आजारी पडले. जंतूंना प्लास्टिक पचत नाही.

‘भट्टी आली की डेपो संपला’

आकारमान खूप घटतं, पण राख उरते, आणि आपल्या मातीमिश्रित कचऱ्यात ती वजनाने पाव भागाच्या आसपासही जाऊ शकते. खालची जाड राख बांधकामाच्या भरावात जिरवता येते. गाळण्यांत अडकलेली बारीक राख मात्र जड धातूंनी भरलेली, ती सुरक्षितपणेच पुरावी लागते. जागा कमी लागेल, शून्य नाही.

माझं मत असं की भट्टी हवी, पण लहान, आणि सगळं निवडून झाल्यावर उरलेल्या मालापुरतीच. 20-25 वर्षांच्या करारात पालिकेने रोज ठरावीक टन कचऱ्याची हमी दिली, तर उद्या लोकांनी कचरा कमी केला किंवा वेचकांनी जास्त वेचला तरी दंड पालिकेलाच बसेल. मग कचरा कमी करण्यात कुणाला रस उरणार? म्हणून आपल्या शहरात असा प्रकल्प येणार असेल तर मेगावॅटच्या जाहिरातीकडे पाहू नका. करारात किमान कचरा पुरवठ्याचं कलम आहे का, डायॉक्सिनची तपासणी कोण आणि कितीदा करणार, राख कुठे जाणार, एवढं विचारा. करार माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाला 10 रुपये लागतात.