जोकरचा चेहरा : रंग की कातडी?

बॅटमॅनच्या नव्या चित्रपटाची घोषणा झाली की चाहत्यांमध्ये पहिला प्रश्न उपस्थित होतो तो त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, म्हणजे जोकरच्या रूपाचा. ‘सुसाइड स्क्वॉड’मधील जेरेड लेटो याचे छायाचित्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कपाळावरील गोंदण आणि धातूचे दात पाहून तर्कांना ऊत आला. हा मूळ जोकर नसून बॅटमॅनचा पूर्वीचा साथीदार जेसन टॉड असावा, असाही एक तर्क होता. २०१६ मध्ये आलेल्या चित्रपटाने त्याला दुजोरा दिला नाही.

ही उत्सुकता समजून घेण्यासाठी मुळाकडे जावे लागते. १९४० मध्ये चित्रकथेत अवतरलेल्या जोकरच्या चेहऱ्यावर ‘द मॅन हू लाफ्स’ या १९२८ च्या मूकपटातील कॉनराड वाइट यांच्या रूपाची छाप होती. पांढरी त्वचा आणि हिरवे केस यांचे कारण मात्र १९५१ च्या एका कथेत मिळाले : रसायनांत पडल्यामुळे त्याची कातडीच पालटली होती.

चित्रपटांनी हे कारण कधी स्वीकारले, कधी नाकारले. १९८९ मध्ये जॅक निकल्सन यांचा जोकर रसायनांमुळे पांढरा पडतो आणि सामान्य माणसासारखे दिसण्यासाठी कातडीच्या रंगाचा लेप लावतो. २००८ मध्ये हीथ लेजर यांनी नेमके उलटे रूप साकारले. तेथे पांढरा रंग ही केवळ रंगभूषा आहे, खाली गालांवर जखमांचे व्रण आहेत आणि त्या व्रणांच्या तो दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो. २०१९ मध्ये वाकीन फिनिक्स यांचा जोकर तर पोटासाठी विदूषकाचे काम करणारा माणूस आहे.

चाहत्यांच्या तर्कांमागील खरा प्रश्न येथेच आहे. कातडी पालटली असेल, तर तो अपघाताचा बळी ठरतो; रंग स्वतः लावला असेल, तर दुष्टपणा ही त्याची निवड ठरते. रूप बदलले की गुन्ह्याची जबाबदारीही बदलते.

२०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये बॅरी कीओगन यांच्या जोकरचे हास्य जन्मजात विकारातून आल्याचे दिग्दर्शक मॅट रीव्हज यांनी सांगितले. हा पर्याय अधिक नाजूक आहे. चेहऱ्यावर व्रण वा व्यंग असलेली माणसे वास्तवातही आहेत आणि पडद्यावरील खलनायकांमुळे त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते, अशी त्यांची तक्रार आहे. तिची दखल घेऊन, चेहऱ्यावरील व्रणांना खलत्वाची खूण बनवणाऱ्या चित्रपटांना अर्थसाहाय्य न देण्याची भूमिका ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केली.

म्हणून पुढचा जोकर पडद्यावर येईल तेव्हा तो किती भयंकर दिसतो, एवढेच पाहणे पुरेसे नाही. दुष्टपणाचे मूळ चित्रपटाने त्याच्या चेहऱ्यात शोधले आहे की त्याच्या कृतीत, हेही पाहावे लागेल.