स्थल व दिशा यांची भाषिक अभिव्यक्ती : वळसंग परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंग हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात असून मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या संपर्कक्षेत्रात येते. एखादी वस्तू कोठे आहे हे सांगणे वरवर सोपे वाटते; तथापि, प्रत्येक भाषा त्यासाठी वेगळी व्याकरणिक व्यवस्था वापरते. ही व्यवस्था आणि तिच्यातून निर्माण होणारी संदिग्धता यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्याकरणिक रचना

मराठीत नामाचे सामान्यरूप करून त्याला शब्दयोगी अव्यय जोडले जाते : 'मेज' - 'मेजावर'. कन्नडमध्ये 'मेजिन मेले' अशी रचना होते. तेथेही स्थलवाचक शब्द नामानंतरच येतो. मराठी आर्यभाषाकुलातील व कन्नड द्राविड भाषाकुलातील असूनही या बाबतीत दोहोंत साम्य आहे. चिनी भाषेत मात्र हे कार्य दोन शब्दांत विभागले जाते. 'झाय झ्वोझ शांग' (मेजावर) या रचनेत 'झाय' हा स्थानदर्शक शब्द नामाच्या आधी, तर 'शांग' (वर) हा नामानंतर येतो. 'बेइजिंग'सारख्या स्थलनामापुढे हा दुसरा शब्द सहसा लागत नाही.

संदर्भचौकटी

भाषावैज्ञानिक स्टीफन लेव्हिन्सन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्थलनिर्देशाच्या तीन चौकटी मांडल्या आहेत. पहिली वस्तुनिष्ठ : 'देवळासमोर' म्हणजे देवळाच्या दाराच्या बाजूस. दुसरी वक्तृसापेक्ष : झाडाला स्वतःची उजवी बाजू नसल्याने 'झाडाच्या उजवीकडे' याचा अर्थ पाहणाऱ्यावरून ठरतो. तिसरी निरपेक्ष : पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर भाषेत जवळच्या वस्तूंसाठीही तिसरीच चौकट वापरली जाते. संस्कृतमध्ये मात्र पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या शब्दांचे नाते दिसते : 'पूर्व' म्हणजे पुढचा, 'पश्चिम' म्हणजे मागचा व 'दक्षिण' म्हणजे उजवा. सूर्योदयाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या व्यक्तीच्या शरीरावरून ही नावे रूढ झाली.

'पुढे' या शब्दाची संदिग्धता

मराठीत 'समोर' आणि 'पुढे' हे शब्द समानार्थी भासतात, परंतु ते तसे नाहीत. 'देवळाच्या पुढे विहीर आहे' या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : दाराच्या बाजूस, किंवा देऊळ ओलांडून गेल्यावर. दुसरा अर्थ प्रवासाच्या दिशेवर अवलंबून असतो. सोलापूरहून निघालेल्यास 'वळसंगच्या पुढे' म्हणजे अक्कलकोटची बाजू, तर अक्कलकोटहून निघालेल्यास सोलापूरची. काळाच्या बाबतीतही भाषाभेद दिसतो. मराठीत 'पुढे' भविष्य सुचविते. चिनीत पुढील बाजू दर्शविणारा 'छ्येन' हाच शब्द होऊन गेलेल्या परवाच्या दिवसासाठी ('छ्येनथ्येन') येतो.

व्यावहारिक महत्त्व

बोलण्यात अशी संदिग्धता हातवाऱ्याने मिटते. लेखी दस्तऐवजात तसे होत नाही. म्हणून खरेदीखतात मिळकतीची चतुःसीमा 'पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस' अशी लिहिली जाते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार मिळकतीचे वर्णन तिची ओळख पटण्यास पुरेसे असणे आवश्यक आहे. शहरातील घर रस्त्याच्या उत्तरेस की अन्य बाजूस आहे हेही नमूद करावे लागते. बांधालगतच्या शेतीत 'ओढ्याच्या पुढचा तुकडा' असे शब्द वादास कारण ठरू शकतात. रुग्णवाहिका बोलावताना 'शाळेच्या पुढे' एवढेच सांगितल्यास अमूल्य वेळ जातो.

निष्कर्ष

दिशावाचक शब्द स्वतःहून दिशा दाखवीत नाहीत. त्यांना आधारबिंदू लागतो. 'दक्षिण सोलापूर' या नावासही सोलापूर शहराचा आधार आहे. म्हणून पत्ता वा सीमा लिहिताना 'कोठून' आणि 'कोणत्या बाजूने जाताना' हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयीन स्तरावरील उपयोजित मराठीच्या अध्यापनात या बाबीस स्थान मिळाल्यास भाषेचा अभ्यास व्यवहाराशी अधिक जोडला जाईल.