दहावीची हजेरी वेचणीत बुडवू नका

कापूस फुटला की वेचणीला माणूस मिळत नाही. मग दहावीची पोर दप्तर ठेवून रानात जाते. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोडीच्या बिऱ्हाडाबरोबर मुलेही निघतात. "चार दिवसांनी काय बिघडतंय?" असे आपण म्हणतो. बिघडते ते परीक्षेच्या तोंडावर.

राज्य मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर 75 टक्के हजेरी लागते. हिशेब सोपा आहे. शाळा 200 दिवस भरली, तर 150 दिवस हजर राहिलेच पाहिजे. उरलेल्या 50 दिवसांत ताप-खोकला, लग्नकार्य, जत्रा सगळेच आले. त्यात महिनाभर वेचणी घातली, तर मेळ बसत नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. पास व्हायला विषयाला 100 पैकी 35 गुण हवेत. त्यातले 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय अशा कामाचे असून ते शाळाच देते. शाळेत नसलेल्या पोराला ते कसे मिळणार?

शिवाय परीक्षा लवकर येऊ लागली आहे. 2025 मध्ये दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली.

तेव्हा एवढे करा. वेचणीची मजुरी आधीच ठरवा, शेजाऱ्याशी सावड करा. दर महिन्याला शाळेत जाऊन हजेरी विचारा. तोडीला जाणाऱ्यांनी मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली आहे. जवळपास सोय आहे का, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील नववी-दहावीच्या मुलांची यादी हंगामाआधीच मुख्याध्यापकांना द्यावी.

ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांनी हात टेकू नयेत. 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड व फोटो घेऊन हायस्कुलात चौकशी करा, मुदत पाळा. एक-दोन विषय राहिले, तरी पुरवणी परीक्षा असते.

कृषी पदविकेलाही दहावी पास लागते. आज वाचलेली मजुरी उद्या पोराच्या वाटेत आडवी येऊ नये, एवढेच सांगणे.