बुलडोझरमधला ‘डोस’

देवनहळ्ळीहून बेंगळुरूच्या विमानतळाकडे जाताना रस्त्याकडेला पिवळं यंत्र दिसलं की आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणून मोकळे होतो. पण दातेरी बादलीनं खणतो तो जेसीबी. रुंद पोलादी पात्यानं माती लोटतो तो बुलडोझर. त्याचं पातं जवळून पाहावं. ते आतून वक्र असतं. माती त्या वक्रावर चढते, पुढे कलंडते, पुन्हा खाली येते आणि पात्याला न चिकटता गडगडत पुढे सरकते. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जेम्स कमिंग्ज आणि अर्ल मॅक्लाउड यांनी ट्रॅक्टरपुढे असं लोटणारं पातं बसवलं.

शब्द मात्र त्याच्याही आधीचा, आणि त्याचा जन्म माणसाच्या पाठीवर झालेला. १८७६ सालची अध्यक्षीय निवडणूक, लुइझियाना राज्य. गुलामी संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. काळ्या मतदारांनी मतदानाला जाऊ नये म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या त्यांना चाबकानं फोडून काढत. या माराला ‘बुल-डोस’ म्हणत, म्हणजे बैलाला पुरेल एवढा डोस, असं तेव्हापासून सांगितलं जातं. मारणारा तो ‘बुलडोझर’! माणसाचं हे नाव पुढे यंत्राला चिकटलं.

मला या शब्दातला ‘डोस’ जास्त अस्वस्थ करतो. मूळ ग्रीक ‘दोसिस’, अर्थ ‘देणं’. त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘दा’ एकाच कुळातले. आपलं ‘देणे’ही त्यातलंच. आपणही दम ‘देतो’, धमकी ‘देतो’. ‘धाकदपटशा’त मराठी दोन जवळच्या शब्दांची जोडी लावते, इंग्रजीनं थेट मात्राच ठरवून टाकली.

सुरुवातीच्या त्या देवनहळ्ळीतही प्रश्न ‘देण्या’चाच होता. या तालुक्यात चन्नरायपट्टण भागातल्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी घ्यायची ठरली, तेव्हा शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणं धरून बसले. हा द्राक्षांचा आणि पपनसाचा मुलूख. इथल्या पपनसाला भौगोलिक मानांकनही आहे. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ते भूसंपादन मागे घेतल्याचं जाहीर केलं. जे शेतकरी स्वखुशीनं जमीन देतील, त्यांचीच आता घेतली जाईल, असंही ते म्हणाले.